वाफारा: पाणी कुठे ठेवायचं, तेल किती थेंब, आणि काय टाकायचं नाही

ओट्यावरची_घडी

ऑक्टोबरची हीट सरली आणि हवा जड व्हायला लागली की "नाक चोंदलंय, वाफेत काय टाकू?" हा प्रश्न इथे चार-पाच धाग्यांवर एकदम येतो आणि उत्तरं विखुरतात. ती एका जागी असावीत म्हणून हा धागा. चूक दिसली तर दुरुस्त करा.

मोठ्या माणसाने घरच्या घरी वाफ घ्यायची सरळ रीत अशी. अर्धा ते पाऊण लिटर पाणी उकळा. गॅस बंद करा आणि खळखळ थांबेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं तसंच राहू द्या. भांडं रुंद आणि जड बुडाचं हवं. ते टेबलावर, भिंतीच्या बाजूला सरकवून, खाली ओला पंचा घालून ठेवा म्हणजे घसरत नाही. उकळतं पातेलं सांडशीत धरून खोल्या ओलांडू नका. रिकामं भांडं आधी टेबलावर ठेवा आणि किटलीने पाणी तिथेच ओता. आपल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत मधे कोणाचा पाय, कोणाचं दप्तर, कोणाचा चार्जर असतोच.

खुर्चीत बसायचं, पाय टेबलाखाली सरळ घ्यायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. पाणी सांडलं तर ते मांडीवर येता कामा नये. चेहरा पाण्यापासून दीड वीत वर, डोळे मिटलेले, चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढलेल्या. टॉवेल डोक्यावरून घ्या पण एक बाजू उघडी ठेवा. नाकाने हळू श्वास आत, तोंडाने बाहेर. पाच ते दहा मिनिटं पुरतात, दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. चेहऱ्याला चटका जाणवला तर वर व्हा, सोसत बसू नका.

सुवासिक काही टाकायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, पाणी टेबलावर आल्यावर. निलगिरीचं तेल दोन थेंब, बस्स.

---

शंकासुर

दोन थेंब? घरोघरी बाटली उपडी करतात. दोन थेंबांनी काय होणार?

---

गोळी_बाटली

@शंकासुर, दोन थेंबांनीच होतं. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तवंग होऊन तरंगतं. पाणी गरम असलं की तो तवंग पहिल्या मिनिटभरात बहुतेक उडून जातो. म्हणजे दहा थेंब टाकले तर वाफ दहा मिनिटं सुवासिक राहत नाही, पहिल्या मिनिटाला दहा थेंबांचा मारा एकदम डोळ्यांवर आणि घशावर येतो. ठसका, डोळ्यांतून पाणी, कधी डोकं दुखणं, हे सगळं त्याच मिनिटाचं. वास जास्त वेळ हवा असेल तर एक थेंब आता आणि एक चार मिनिटांनी.

पुदिन्याचं फूल, म्हणजे मेन्थॉलचे खडे, वापरत असाल तर तांदळाच्या कणीएवढा तुकडा. आख्खा खडा टाकला तर डोळे मिटूनही झोंबतात.

आणि गॅस चालू असताना पातेल्यात तेल किंवा कापूर टाकू नका. दोन्ही ज्वालाग्राही आहेत, कापूर तर आपण आरतीला जाळतोच.

---

ओवाफूल

माहिती चांगली. ज्यांना बाटलीतलं तेल नको त्यांच्यासाठी: एक चमचा ओवा खलात जरा भरडून अर्धा लिटर पाण्यात झाकण ठेवून तीन-चार मिनिटं उकळा. झाकण महत्त्वाचं, कारण वास देणारा थायमॉल उडून स्वयंपाकघरात पसरतो आणि पातेल्यात साधं पाणी उरतं. गवती चहाची दोन पाती किंवा तुळशीची आठ-दहा पानं चालतील, वास सौम्य येतो. आख्खा ओवा तसाच टाकला तर फारसा वास सुटत नाही, भरडायला हवाच.

हळद आणि मीठ टाकणारेही भेटतात. मीठ वाफेबरोबर वर येत नाही, तळाशीच राहतं. हळदीतला पिवळा रंग देणारा घटकही नाही येत. पातेलं मात्र पिवळं होतं आणि टॉवेलही.

पाण्याशिवाय हवं असेल तर ओव्याची पुरचुंडी. ओवा तव्यावर कोरडा परतून सुती फडक्यात बांधायचा आणि हुंगायचा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, कारण तव्यावरून काढलेल्या पुरचुंडीने नाकाच्या शेंड्याला फोड येतो.

---

गोळी_बाटली

ओवाफूल यांच्या प्रतिसादाला जोडून अमृतधारेबद्दल. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल (म्हणजे थायमॉलचे खडे) समभाग एकत्र केले की तिन्ही घन पदार्थ एकमेकांत मिसळून आपोआप पातळ होतात, तीच अमृतधारा. दिसायला पाण्यासारखी, म्हणून लोक टोपणभर ओततात. त्यात पाणी अजिबात नसतं, ते शंभर टक्के सत्त्व आहे. वाफेला एक थेंब.

बामबद्दलही सांगतो. सर्दीचं मलम आणि दुखण्याचा बाम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुखण्याच्या बामांत बहुधा गंधपुऱ्याचं तेल, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते सांध्यांना चोळायला आहे, हुंगायला नाही. सर्दीच्या मलमात मेन्थॉल, कापूर, निलगिरी असतात. तेही पाण्यात टाकायचं की नाही ते डबीवर वाचून ठरवा. पाण्याबरोबर चुलीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू तर कधीच नका. मलमाचा आधार मेणासारखा असतो, तो वितळून तवंग होतो, खालचं पाणी तापत राहतं आणि भांडं हलवताच अंगावर उसळतं. छातीवर, पाठीवर चोळण्यासाठी ते आहे, तिथेच ठेवा. नाकपुडीच्या आत लावू नका.

अवांतर: अमृतांजन १८९३ साली इथेच, मुंबईत सुरू झालं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. लोकांना तो मद्रासचाच बाम वाटतो.

---

शंकासुर

मूळ प्रश्नाला हात घालतो. वाफेने नाक खरंच उघडतं की नुसतं वाटतं?

---

नाकाड्या

चांगला प्रश्न, आणि उत्तर दोन भागांत आहे.

नाक चोंदतं ते शेंबडाने कमी आणि आतलं अस्तर सुजल्याने जास्त. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर टर्बिनेट नावाच्या मांसल कडा असतात. त्यांतल्या रक्तवाहिन्या भरल्या की वाट अरुंद होते. म्हणूनच कितीही शिंकरलं तरी "काहीच निघत नाही" अशी तक्रार असते. निघायला काही नसतंच. आडवं झाल्यावर त्रास वाढतो तोही याच कारणाने, तिथे रक्त जास्त साचतं. एक उशी जादा घेण्याचा उपयोग वाफेपेक्षा कमी नाही.

गरम ओलसर हवेने वाळलेला, चिकट शेंबूड सैल होतो. तेवढा फायदा खरा, तो अर्धा-एक तास टिकतो. मेन्थॉलचं काम निराळं आहे. नाकातल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा टीआरपीएम८ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, मेन्थॉल त्याला चेतवतं आणि मेंदूला वाटतं थंड हवा भरभरून आत येतेय. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाचे संशोधक रॉन एकल्स यांनी मेन्थॉल हुंगण्याआधी आणि नंतर नाकातला हवेचा अडथळा मोजला. अडथळा तेवढाच होता, श्वास मोकळा झाल्याची जाणीव मात्र वाढली होती. हा ग्राहक ज्यांनी शोधला त्यांत डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन होते. पुढे २०२१चं वैद्यकाचं नोबेल त्या दोघांना मिळालं, तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरच्या कामासाठी.

म्हणजे मेन्थॉल फसवं आहे का? फसवं म्हणा, पण रात्री झोप लागत नसताना ही फसवणूक कामाची आहे. फक्त एक कळलं पाहिजे: वास वाढवून वाट रुंद होत नाही. तेव्हा थेंब वाढवण्यात हशील नाही, आणि धोका सगळा त्यातच आहे.

जुनाट सायनसचा त्रास असणाऱ्यांसाठी: इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली छापून आला. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना थोडा फायदा झाला. वाफेने डोकेदुखी सोडून बाकी लक्षणांत फरक पडला नाही.

---

ओट्यावरची_घडी

@नाकाड्या, धन्यवाद. करोनाच्या काळात "वाफेने विषाणू मरतो" म्हणून लोक दिवसातून सहा-सात वेळा घेत होते, त्याबद्दलही लिहा ना.

---

नाकाड्या

विषाणू मरेल इतकं तापमान नाकाच्या अस्तरापर्यंत नेलं तर आधी अस्तर भाजेल. शिवाय तो पेशींच्या आत असतो. इतक्या वेळा वाफ घेतल्याने अस्तर लाल होतं, सुजतं, घोळणा फुटतो. ज्यांचा घोळणा वारंवार फुटतो त्यांनी वाफ टाळावी, नाकाचं ऑपरेशन झालेल्यांनी सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नये.

---

फेज_न्यूट्रल

इथे सगळे पातेल्यावर बोलताहेत. प्रत्यक्षात मुंबईत निम्म्या घरांत ते प्लास्टिकचं वाफेचं मशीन आहे, त्यावर कोणीतरी लिहायला हवं.

स्वस्त मशीन दोन प्रकारची असतात. एकात झाकलेलं हीटिंग एलिमेंट असतं, किटलीसारखं. दुसऱ्यात दोन उघडे इलेक्ट्रोड पाण्यात बुडतात आणि वीज थेट पाण्यातून वाहते, पाणीच तापतं. दुसऱ्या प्रकारात प्लग लावलेला असताना ते पाणी जिवंत वायर आहे असं समजा. बोट बुडवून "गरम झालं का" पाहायचं नाही, चालू असताना वरून पाणी घालायचं नाही. आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात.

आता मुंबईची खास अडचण. पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचं, पावसाचं साठवलेलं. त्यात क्षार कमी, म्हणून वीज कमी वाहते आणि मशीन रडतखडत वाफ देतं. आरओचं पाणी घातलं तर जवळजवळ देतच नाही. लोकांना वाटतं मशीन बिघडलं. सोबतच्या कागदावर चिमूटभर मीठ घाला असं बहुधा लिहिलेलं असतं, आणि तिथे चिमूट म्हणजे चिमूटच. अर्धा चमचा घातला तर प्रवाह एकदम वाढतो, पाणी उसळून तोंडाच्या नळीतून उकळते थेंब उडतात, एमसीबी पडतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत मिठाची गरजच नसते, तिथे मीठ घालून चेहरा समोर धरणं म्हणजे स्वतःहून भाजून घेणं. पहिली दोन मिनिटं समोर चेहरा न धरता मशीनला वाफ फेकू द्या, थुंकतंय का ते पाहा, मग चेहरा न्या.

पाणी वरच्या रेघेपर्यंतच भरा. रेघेच्या वर भरलं तरी थुंकतं.

---

गोळी_बाटली

आणि त्या मशीनच्या टाकीत तेल घालू नका. निलगिरीचं तेल काही प्रकारच्या प्लास्टिकला तडे पाडतं, आणि तवंगाने इलेक्ट्रोड माखतात. वाफ बाहेर पडते तिथे औषधासाठी छोटी वाटी असेल तर तिच्यात कापसावर एक थेंब. वाटी नसेल तर रुमालावर थेंब टाकून रुमाल शेजारी ठेवा, काम तेवढंच होतं.

नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं बारीक धुकं करून फुप्फुसात पोचवणारं यंत्र, हे संपूर्ण वेगळं आहे. त्यात डॉक्टरने दिलेलं औषध आणि सलाईन सोडून काहीही घालायचं नाही. तेलाचे बारीक कण फुप्फुसात गेले की न्यूमोनियासारखा आजार होतो आणि तो अँटिबायोटिकने जात नाही.

---

फेज_न्यूट्रल

+१. आणखी एक, वापरून झाल्यावर पाणी फेकून टाकी उपडी करून वाळवा. क्षाराचा पांढरा थर बसला असेल तर व्हिनेगर आणि पाणी समभाग घालून अर्धा तास, मग दोनदा धुवा. प्लग अर्थात काढलेला.

---

बाळगुटी

लहान मुलांचं कोणीच लिहिलेलं नाही म्हणून लिहिते.

बारा वर्षांच्या आतल्या मुलाला पातेल्यावर वाफ नको. मूल दचकतं, टॉवेल ओढतं, भांडं उलटतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस तर मुलांना अशी वाफ देऊच नका म्हणते. मांडीवर बाळ आणि समोर पातेलं हा तर सगळ्यात वाईट प्रकार.

दोन वर्षांच्या आत कापूर, मेन्थॉल, निलगिरी काहीही नको. वाफेत नको, छातीवर नको, उशीवर नको, गळ्यात कापराची पुरचुंडीही नको. इतक्या लहान बाळाच्या नाकाशी मेन्थॉल नेलं तर प्रतिक्षिप्त क्रियेने श्वास क्षणभर थांबू शकतो. कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि त्याला फार कापूर लागत नाही. निलगिरी तेलाचंही तेच, चमचाभराने मूल गुंगीत जातं. देवघरातला कापराचा डबा आणि तेलाची बाटली वरच्या फळीवर ठेवा. कापूर समजून डांबर गोळी वापरणारी घरंही आहेत. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांत तिच्या नुसत्या वासाने रक्तपेशी फुटून कावीळ होते.

बाळाचं नाक चोंदलं असेल तर मेडिकलमधले सलाईनचे थेंब, दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन, मिनिटभर थांबून मऊ फडक्याने पुसायचं. एवढंच.

आणि आज्ज्यांची नाराजी पत्करून सांगते, धुरी म्हणजे वाफ नाही. शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकून निघतो तो धूर आहे, आणि धुराने नाकाचं अस्तर अजून सुजतं.

---

ओट्यावरची_घडी

@बाळगुटी, मोठ्या मुलांना बाथरूममध्ये गरम पाणी सोडून बसवतात, ते चालेल ना?

---

बाळगुटी

चालेल. दार लावून गरम पाण्याचा शॉवर सोडायचा आणि दहा मिनिटं मुलाला घेऊन आतच दाराच्या बाजूला, पाण्यापासून लांब बसायचं. तेल-बिल काही नाही.

---

फेज_न्यूट्रल

थांबा, इथे मोठी अट आहे. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर हा प्रकार अजिबात नको. बंद दारात गॅस गीझर दहा मिनिटं चालला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगतो आणि उठतच नाही. आपल्याकडची बाथरूमं लहान, आणि खिडकी पावसासाठी कायमची बंद केलेली.

इलेक्ट्रिक गीझर ठीक. बादलीत रॉड लावून पाणी तापवत असाल तर प्लग काढून रॉड बाहेर नेल्याशिवाय मुलाला आत घेऊ नका.

---

बाळगुटी

बरोबर, माझ्याकडून ते लिहायचं राहिलं. गॅस गीझर असेल तर बाहेर तापवलेलं पाणी बादलीने आत न्या, मूल आत यायच्या आधी.

---

चिंचपोकळी_लोकल

भाजण्याबद्दल नेमकं लिहिते, कारण "थोडंसं सांडलं" म्हणून लोक घरी बसतात. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजतं, ७० अंशांना एक सेकंदही लागत नाही. मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ. गॅस बंद करून पाच मिनिटांनीही पातेल्यातलं पाणी याच्या वर असतं. वाफेने फारसं भाजत नाही, भांडं कलंडून भाजतं, आणि ते मांड्या, पोट, जांघ इथेच.

सांडलंच तर लगेच ओले कपडे काढा, कारण ते उष्णता धरून ठेवतात. कातडीला चिकटले असतील तर ओढू नका. बांगड्या, अंगठ्या काढा, नंतर सूज आली की निघत नाहीत. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत येतं, आधी हात लावून पाहा आणि तसं असेल तर माठातलं पाणी ओतत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप नको. डॉक्टरला आधी ते खरवडून काढावं लागतं. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. फोड फोडू नका.

मूल असेल, चेहरा, हात किंवा जांघ भाजली असेल किंवा तळहाताहून मोठा भाग असेल तर दवाखान्यात जाच. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात भाजलेल्यांचा विभाग आहे, नवी मुंबईकरांना ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर जवळ. रुग्णवाहिकेसाठी १०८.

---

शंकासुर

दम्याच्या माणसाने वाफ घ्यावी का? माहेरची सगळी मंडळी छाती भरली की वाफच सुचवतात.

---

नाकाड्या

साधी वाफ काहींना सोसते, पण निलगिरी, कापूर, मेन्थॉल यांच्या उग्र वासाने दम्याची उबळ येऊ शकते. सुवासिक वाफ नकोच. धाप लागली असताना तर कोणतीही वाफ नको, तिथे इनहेलर आणि डॉक्टर. गरोदर बायका, कमी रक्तदाबाची माणसं, ज्येष्ठ नागरिक यांना टॉवेलखाली चक्कर येते, त्यांनी टॉवेल न घेता, कोणीतरी समोर असताना पाच मिनिटं.

वाफेनंतर लगेच जोर लावून शिंकरू नका. एक नाकपुडी दाबून दुसरी हळू, मग उलट. दोन्ही एकदम दाबून शिंकरलं की शेंबूड कानाच्या नळीत ढकलला जातो. स्टेरॉइडचा स्प्रे चालू असेल तर तो यानंतर मारा, नाक साफ असताना अस्तरापर्यंत पोचतो. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणारे, थेंब मात्र पाच दिवसांच्या वर नाहीत. त्यापुढे थेंब उतरला की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस बाटलीच्या मागे लागतो.

दहा दिवसांत उतार नाही, बरं वाटून पुन्हा बिघडलं, डोळ्याभोवती सूज, नजर धूसर, मान आखडलेली, तर वाफ बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत मणी, चणा किंवा बटन सेल असू शकतो. सेल असेल तर काही तासांत आतून जाळतो, त्या रात्रीच जा.

---

ओवाफूल

नाक धुण्याच्या पाण्याचं प्रमाण कोणी देईल का? वर उल्लेख आला, पण आकडा नाही.

---

नाकाड्या

एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे एका मोठ्या कपाला, २४० मिलीला, सपाट अर्धा चमच्याहून किंचित कमी. आयोडीन नसलेलं मीठ मिळालं तर बरं, झोंबत नाही. पाणी एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेलं. नळाचं नाही, फिल्टरचंही नाही. फिल्टरचं पाणी प्यायला ठीक, पण नाकातून आत ओतायला निर्जंतुक हवं. कमी मीठ घातलं तर नाकात झणझणतं, पोहताना पाणी गेल्यासारखं. त्यावरून ओळखा.

---

शंकासुर

घरात मांजर आहे. वाफेनंतरचं निलगिरीचं पाणी मोरीत ओतलं तर चालेल?

---

गोळी_बाटली

ओता, पण मागून भरपूर साधं पाणी सोडा आणि भांडं साबणाने घासा. मांजराचं यकृत ही तेलं नीट पचवत नाही, ती अंग चाटते तेव्हा पायाला लागलेलं पोटात जातं. वाफ घेताना तिला दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडकी उघडून मगच आत घ्या. तसंही टेबलावर उडी मारून पातेलं पाडणाऱ्यांत पहिला नंबर तिचाच.